दहा जागा आणि एक म्हैस

माझ्या कॉलेजाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग आढ्याकडे बघतो आणि मग म्हणतो, “असं का?” चाळीस वर्षं हे चाललं आहे आणि चाळीस वर्षं मला त्याचं हसू येतं. पूर्वी मी खुलासा करत असे. आता नुसती हसते, आणि समोरच्याला वाटतं की बाईंचं वय झालं.

इथेही ते नाव मी सांगणार नाही. सांगून उपयोग नसतो, हे मी वयाच्या सतराव्या वर्षी दशाश्वमेध घाटावर चार-पाच दिवस बसून सिद्ध केलेलं आहे. माणसांचीही नावं सांगणार नाही, कारण त्यांतल्या काहींची नातवंडं मला अजून दिवाळीला पत्र पाठवतात. म्हशीचंसुद्धा सांगणार नाही. तिचे वंशज आमच्या गल्लीत अजून आहेत आणि त्यांचं दूध आमच्या जुन्या घरी आजही येतं.

तेव्हा साहेबाचं राज्य होतं. आमचं घर मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत, आणि आम्ही काशीतले मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि भांडताना दोन्ही, अशी आमची वहिवाट. अण्णा, म्हणजे माझे वडील, दशाश्वमेधावर तीर्थोपाध्याय होते. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे संकल्प सांगायचे, श्राद्धं करायची, आणि आलेल्याची नोंद वहीत करायची. मी मॅट्रिकला पहिल्या वर्गात आले आणि त्या वर्षी घरात महाभारत झालं.

काशीत मला जाण्यासारखी कॉलेजं दोन. एक मोठं. ते मोठंच. त्याच्या फाटकातून अंबारीसकट हत्ती गेला असता, आणि प्रवेशही फाटकासारखाच रुंद होता. मॅट्रिकचा कागद दाखवा आणि आत या. त्यात वाईट काही नव्हतं. फाटक रुंद असणं हा गुन्हा नाही. पण त्याचं नाव असं की रत्नागिरीपासून रायपूरपर्यंत कुणालाही विचारा, मान डोलणारच.

दुसरं होतं मुलींचं, शिक्षिका तयार करणारं. भाड्याचा बंगला, अंगणात दोन कडुनिंब, आणि दर वर्षी दहा मुली. दहाच का, तर बाकं दहा होती. त्या दहासाठी शंभरावर मुली आल्या होत्या. आधी लेखी परीक्षा, आणि त्यातून निभावलं की आसपासच्या गल्ल्यांतल्या डझनभर पोरी तुमच्यापुढे आणून बसवत आणि सांगत, शिकवा. मागे प्रिन्सिपल बाई चष्मा पुसत बसलेल्या.

मला शिकवायला अपूर्णांक आले होते. पहिल्याच मिनिटाला पुढच्या रांगेतली एक पोर भोकाड पसरून रडायला लागली. माझी पाठ केलेली सगळी वाक्यं हवेत विरली. पिशवीत अण्णांनी दिलेला प्रसादाचा पेढा होता. तो काढून मी अर्धा केला, पाव केला, पावाचा अर्धा केला, आणि रडणाऱ्या पोरीला विचारलं, तुला यातला कुठला हवा. ती रडं विसरून म्हणाली, सगळे. सबंध वर्ग हसला, आणि मग एकेक पोर पुढे येऊन आपापला तुकडा मागताना बरोबर अपूर्णांक बोलू लागली. प्रिन्सिपल बाईंनी शेवटी एवढंच विचारलं, तुला काही उरलं का. मी म्हटलं, चाटायला बोटं.

आठ दिवसांनी पत्र आलं. दहांत मी होते. शेवटी एक ओळ होती, की आठव्या दिवसापर्यंत होकार आला नाही तर ही जागा अकराव्या मुलीला देण्यात येईल. ती अकरावी मुलगी कोण हे मला ठाऊक नव्हतं, पण त्या क्षणापासून मी तिचा मनस्वी द्वेष करू लागले. परीक्षेच्या दिवशी कुरकुरणारे नवे बूट घालून आलेली एक होती. तीच असणार असं मी ठरवून टाकलं.

अण्णांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “वा.” दुसऱ्या दिवशी तो वा गेला. तो नागपूरच्या एका गृहस्थांनी घालवला.

हे गृहस्थ अधिक महिन्यासाठी काशीवासाला आले होते आणि भोसले घाटावर उतरले होते. त्यांचा मुलगा वकिली शिकत होता. आमच्या घरी फराळाला येऊन त्यांनी माझ्या हातची भजी चार वेळा मागितली, त्यामुळे आई मनातल्या मनात मांडव घालून मोकळी झाली. मग त्यांनी विचारलं, मुलगी पुढे कुठे शिकणार. अण्णांनी छोट्या कॉलेजाचं नाव सांगितलं. गृहस्थ म्हणाले, “हं.” अण्णांनी घाईघाईने मोठ्याचं नाव सांगून पुस्ती जोडली की किंवा तिथेही जाईल. गृहस्थ म्हणाले, “वा वा.”

त्या एका हं ने माझं सगळं मुसळ केरात घातलं. रात्रीची पानं मांडतानाच अण्णांनी निकाल दिला, की मोठं कॉलेज. मी रडले, भांडले, जेवणार नाही म्हटलं आणि मग भूक लागली म्हणून जेवले. मोठ्या कॉलेजातून मी थेट लग्नपत्रिकेत जाणार होते, हे आईलाही कळत होतं. मला वर्गात जायचं होतं. त्या पंधरा मिनिटांत, पेढ्याचे हात फ्रॉकला पुसणाऱ्या त्या पोरींसमोर, मला जन्मात पहिल्यांदा वाटलं होतं की हे आपल्याला येतं. ते सोडून द्यायचं, तेही एका हं पायी, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं.

अण्णा दुष्ट नव्हते. त्यांचं गणितच निराळं होतं. घाटावर उपाध्याय बसतो ती लाकडी चौकी, तिच्यावर वेताची मोठी छत्री, आणि आमच्या छत्रीवर उंच काठीला पितळी मासा टांगलेला असे. पणजोबांनी टांगलेला. कोकणातल्या, देशावरच्या, वऱ्हाडातल्या घरांतून म्हातारी माणसं नातवंडांना सांगून ठेवत की काशीला गेलात तर पितळी माशाखाली जा, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. स्टेशनावर वीस उपाध्याय हाताला धरून ओढत असताना माणूस विचारी, मासा कुठे आहे. शेजारच्या छत्रीवर तांब्याचा पोपट होता. पोपटवाले शास्त्री अण्णांपेक्षा दसपट विद्वान, पण त्यांची चौकी ओस पडे, कारण पोपट कुणी ऐकलेला नव्हता.

“हे बघ,” अण्णा मला म्हणाले, “आपला धंदा नावावर चालतो. माशाचं नाव मालूम आहे म्हणून माणूस तीन दिवस गाडीत बसून सीधा आपल्याकडे येतो. ज्याचं नाव कोणाला मालूमच नाही, त्याला काय करायचं?”

“शंभर मुली गेल्या होत्या, अण्णा.”

“त्या इथल्याच. आपल्याकडे, महाराष्ट्रात, कोणाला मालूम आहे?”

“तुम्ही विचारलंय कुणाला?”

हे मी रागाने म्हटलं होतं. पण अण्णांचे डोळे चमकले. अधिक आषाढ चालू होता, घाटावर मराठी माणसांची रीघ लागलेली, सबंध महाराष्ट्र आपल्या पायांनी चालत अण्णांच्या चौकीवर येत होता. त्याला विचारायचं. ज्या कॉलेजाचं नाव जास्त लोकांनी ऐकलेलं, ते खरं. वर अण्णा म्हणाले, लिहायला तूच बस, म्हणजे उद्या म्हणू नकोस की म्हाताऱ्याने लबाडी केली.

आईला मुलीने घाटावर चौकीवर बसणं पसंत नव्हतं. पण अण्णांची नजर दोन वर्षांपासून अधू झाली होती, आणि वहीची सुवाच्य नक्कल घरी मीच करत असे. त्यामुळे मी बसले, पदर डोक्यावरून घेऊन, मांडीवर वही, शेजारी दौत.

ही वही म्हणजे पैशांची नव्हे, वंशांची. लाल कापडात बांधलेली, हातभर लांब. प्रत्येक घराण्याचं पान. कोण आलं, कुठल्या गावचं, बापाचं नाव, मुलगे किती, नातू किती. खाली आलेल्याने स्वतःच्या हाताने सही करायची, लिहिता येत नसेल तर अंगठा. मुलींची नावं तिच्यात नसत. मुलगी सासरच्या पानावर जायची, आणि तिथेही अमक्याची पत्नी म्हणून. आमच्या घराण्याचंही एक पान होतं. त्यात पणजोबांपासून माझ्या चुलतभावापर्यंत सगळे पुरुष ओळीने बसलेले होते. वहीच्या अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर मी दोन रकाने आखले आणि महाराष्ट्राची वाट बघू लागले.

पहिल्या दिवशी मी सपाटून हरले. संकल्प संपला की अण्णा मोठ्या कॉलेजाचं नाव असं घेत जसा काही नगारा वाजतोय, आणि यजमान म्हणत, हो हो. मग आवाज खाली आणून, नाक किंचित मुरडून छोट्याचं नाव घेत, “आणि हे, हे काही ऐकलंय का कधी?” यजमान माना हलवून म्हणत, छे. संध्याकाळपर्यंत मोठ्याच्या रकान्यात रेघांचं कुंपण झालं आणि छोट्याचा रकाना गोकुळअष्टमीच्या उपवासासारखा रिकामा.

मी अण्णांना म्हटलं, तुमच्या आवाजातच उत्तर आहे. अण्णा म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. पण दुसऱ्या दिवशी माझं लक्ष एका गोष्टीकडे गेलं. अण्णा विचारत केव्हा, तर संकल्पाच्या लगेच नंतर. यजमानाच्या हातात अजून पाणी, बोटात दर्भ, आणि गेला अर्धा तास तो अण्णा म्हणतील ते म्हणत आलेला. म्हणा मम. मम. म्हणा आत्मनः. आत्मनः. साताऱ्याकडच्या एका सज्जनांनी तर अण्णांनी मोठ्या कॉलेजाचं नाव घेताच तेही भक्तिभावाने मागोमाग म्हटलं आणि पळीभर पाणी सोडलं. मला हसू आवरेना. तोंडात पदराचा बोळा कोंबून मी त्या सज्जनांची रेघ मारली.

त्याच संध्याकाळी दूध आणायला गेले असताना मला म्हैस दिसली.

गल्लीच्या तोंडाशी गवळ्याचा गोठा होता आणि त्यातली ही महामाया रस्ता अडवून रवंथ करत बसलेली असे. काशीत बैल आणि म्हशींपुढे लाटसाहेबालाही थांबावं लागे, तिथे आमची काय कथा. मी तिच्याकडे बघत उभी होते आणि एकदम माझ्या डोक्यात दिवाळीचं झाड फुटलं. म्हशीचं नाव घेतलं, त्याला पुढे देवी लावलं, त्याच्यापुढे महाविद्यालय. तोंडाने म्हणून पाहिलं. इतकं भारदस्त वाटलं की मीच फी भरायला धावले असते.

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं की अजून एक कॉलेज आहे, नवं आहे, तेही विचारून बघा. अण्णांना म्हशीचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं, दूध मी आणत असे. त्यांना नाव आवडलं. दुसऱ्या दिवसापासून ते तिसरं नावही नगाऱ्याच्या आवाजात घेऊ लागले.

मी आयुष्यात पुष्कळ हसले आहे, पण त्या दोन दिवसांसारखी नाही. म्हशीच्या कॉलेजाचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं होतं. चिपळूणच्या एका जोडप्याने ते छापून आलेलं वाचलं होतं. वाईच्या एका वैद्यांच्या साडूचा मुलगा तिथे शिकत होता आणि त्याला तिथलं पाणी मानवलं नव्हतं. एका आजींनी हात जोडून विचारलं की तिथे दर्शन किती वाजता असतं. माझा तिसरा रकाना भरत चालला, मोठ्या कॉलेजाच्या अंगाला अंग घासू लागला, आणि मी दौतीत बोरू बुडवताना अशी थरथरत होते की अण्णांनी विचारलं, तुला हिवताप तर नाही ना.

कॉलेजाचं पत्र आलं तेव्हा आमची चौकी ज्या पायरीवर होती ती आता पाण्याखाली होती. गंगा चढत होती आणि आम्ही रोज एकेक पायरी वर सरकत होतो. माझे आठ दिवसही तसेच बुडत चालले होते. सहावा दिवस उजाडला आणि सकाळीच नागपूरचे गृहस्थ स्नान करून आमच्या चौकीवर आले.

संकल्प झाला. अण्णांनी जरा अभिमानानेच त्यांना आमचा उद्योग सांगितला आणि तिसऱ्या कॉलेजाचं नाव घेतलं. गृहस्थांनी डोळे मिटून मान डोलावली.

“अहो, फारच नामांकित. माझ्या मेव्हण्याची मुलगी तिथंच घालायची होती. पण कडक हो फार, घेतच नव्हते. शेवटी मला शब्द टाकावा लागला.”

मला पुढचं काही ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती म्हैस खुर्चीवर बसली होती, पुढ्यात टेबल होतं, आणि हे गृहस्थ उपरणं सावरत तिच्यापुढे शब्द टाकत होते. माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की पोपटवाले शास्त्रीसुद्धा वळून बघू लागले. मी पोट धरून पुढे वाकले, दौत लवंडली आणि शाई वहीवर सांडली.

अण्णांनी झडप घालून वही उचलली. रकान्यांचं पान तेवढं काळं झालं, आतली घराणी वाचली. गृहस्थांना नमस्कार करून त्यांनी वाटेला लावलं. मग त्यांनी विचारलं की काय झालं. हसण्याच्या भरात मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, तेही हसतील.

ते हसले नाहीत. ओल्या फडक्याने वहीची कड पुसत राहिले.

“माझ्या यजमानांची थट्टा केलीस,” ते म्हणाले. “तीन पिढ्यांची माणसं आहेत ही. तुझ्या कॉलेजापायी तू त्यांना घाटावर खोटं बोलायला लावलंस.”

त्यांनी माझ्या हातातून बोरू काढून घेतला आणि सांगितलं की उद्यापासून इथे यायचं नाही, सोमवारी मोठ्या कॉलेजात नाव घालायचं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नेहमीच्या आवाजात बोलले आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण त्यांचं बरोबर होतं. ती माणसं लबाड नव्हती. हातात गंगेचं पाणी असताना उपाध्यायाला नाही म्हणणं त्यांना अशुभ वाटत होतं, म्हणून ती हो म्हणत होती. मी शहाणपणा मिरवायला गेले आणि बापाला त्याच्याच माणसांपुढे हसले.

सातव्या दिवशी अण्णांचं जेवण घेऊन मी घाटावर गेले. डबा ठेवून वळणार तेवढ्यात वऱ्हाडातल्या बायकांचा एक घोळका संकल्प उरकून उठला. एक म्हातारी मागे राहिली. उंच, रापलेली, हात कुदळीच्या दांड्यासारखे. अण्णांनी तिचा संकल्प सांगितला. मला वाटतं, त्यांना ती गोष्ट आतून खात होती, आपल्या यजमानांचं खरेपण एकदा तरी हाताला लागावं असं वाटत होतं. त्यांनी तिला विचारलं. या वेळी नगारा नव्हता आणि नाक मुरडणंही नव्हतं. तिन्ही नावं त्यांनी एका आवाजात घेतली.

बाईने आधी ओंजळीतलं पाणी नीट ताम्हनात सोडलं. दर्भ काढून ठेवला. हात पदराला पुसले.

“नाही, महाराज. एकही नाही आयकलं.”

अण्णांनी पळी खाली ठेवली. “एकही नाही, माय?”

“म्या आमच्या गावची शाळा आतून पाह्यली नाही. खोटं कायले सांगू? गंगामाय समोर हाये.” मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि हे सगळं कशासाठी चाललंय ते विचारलं.

अण्णांनी सांगितलं. मोठं कॉलेज येईल त्या पोरीला घेतं आणि त्याचं नाव सगळीकडे आहे, छोट्याने शंभरातून दहा घेतल्या आणि त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. म्हशीचं त्यांनी गाळलं.

“त्या दहात हे पोरगी हाये?”

“आहे.”

“मंग आमाले काहून इचारता?” बाई म्हणाली. “बाजारात शंभर बैलातून पारखून घेतला, का मंग त्याचं नाव कोनी इचारत नाही, महाराज. कामाले जुपते त्याले.”

पुढे मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ चांगलं म्हटलं, पण बैल म्हटल्याचा जो आनंद झाला तो पुन्हा कशाने झाला नाही. मी पायरीवर खिळून उभी. अण्णांनी वही उघडली, बाईची नोंद स्वतःच केली, डोळे कागदाला टेकवून, बराच वेळ. मग तिचा अंगठा घेतला. पानं उलटून पुन्हा काही लिहिलं आणि म्हणाले, अजून एक अंगठा लागेल. बाई म्हणाली, दिला ना एक. अण्णा म्हणाले, एक अजून. मला वाटलं, दिसत नाही बिचाऱ्यांना, पहिला ठसा फिसकटला असेल.

घरी जाताना ते माझ्यापुढे चालत होते. मी रिकामा डबा घेऊन मागे. गल्लीच्या तोंडाशी म्हैस नेहमीसारखी आडवी बसली होती. अण्णा थांबले. मला विचारलं, “हीच का?”

मी मान डोलावली.

अण्णांनी पागोटं सारखं केलं, दोन्ही हात जोडले आणि म्हशीला वाकून म्हणाले, “बाईसाहेब, माफी असावी. आमच्या मुलीला दुसरीकडे जागा मिळाली आहे.”

आणि मग ते हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग भिंतीला हात टेकावा लागला. मी त्यांच्या उपरण्यात तोंड खुपसून हसत होते आणि रडत होते, गवळी बाहेर येऊन आमच्याकडे बघत होता, आणि म्हैस मात्र प्रिन्सिपलला शोभेल अशा शांतपणे रवंथ करत होती. मी इतकी खूश होते की घरापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या दोन दोन करत चढले.

आठव्या दिवशी टपालावर विसंबायला नको म्हणून अण्णा स्वतः होकाराचं पत्र घेऊन बंगल्यावर गेले. दारातूनच त्यांनी बाकं मोजली. दहा भरली. कुरकुरणाऱ्या बुटांची मुलगी अकरावी नव्हतीच, ती सहावी होती, आणि पुढे दोन वर्षं माझ्या शेजारच्या बाकावर बसून तिने माझ्या डब्यातलं लोणचं संपवलं.

नागपूरच्या गृहस्थांना अण्णांनी छोट्या कॉलेजाचं नाव पुन्हा एकदा, नगारा वाजवून, सांगितलं. ते पुन्हा हं म्हणाले. स्थळ गेलं. आई दोन दिवस बोलली नाही, मग बोलली. दिवाळीच्या सुमाराला मात्र त्यांचं पत्र आलं, की त्यांच्या स्नेह्यांची मुलगी त्या तिसऱ्या, नामांकित कॉलेजात घालायची आहे, तरी आपण काशीत आहात तेव्हा शब्द टाकावा. अण्णांनी मला कार्ड घ्यायला सांगितलं आणि मजकूर तोंडी सांगितला. “तिथे एकच जागा असून ती भरलेली आहे.”

मी तीस वर्षं शिकवलं. काशीत थोडं, नंतर गावोगाव. सकाळी मुली आणि दुपारी त्यांच्या आया, ज्यांना सही करायला शिकायचं असे. पाटीवर पहिलं अक्षर उमटलं की त्या लाजून पदरात हसत, आणि त्यांच्याबरोबर मीही. नाव त्या कॉलेजाचं कुणी कधी ऐकलं नाही. बंगला आता नाही, कडुनिंब आहेत.

अण्णा गेल्यावर वर्षश्राद्धाला मी काशीला गेले. माशाखाली आता चुलतभाऊ बसतो. मी त्याला म्हटलं, आपलं पान दाखव, अण्णांची नोंद बघू दे. त्याने वही उघडून माझ्यापुढे ठेवली. पणजोबा, आजोबा, अण्णा, काका, चुलतभाऊ. आणि त्यांच्याखाली, अधू नजरेने लिहिलेल्या, वर खाली गेलेल्या ओळी. अधिक आषाढ. कन्या, आणि पुढे माझं नाव, कुणाची पत्नी नव्हे, नुसतं माझं. शिक्षिका होण्यास निवडली. शंभरातून दहा, त्यांत ही. मग कॉलेजाचं नाव, ठळक. आणि शेवटी, “नाव कोणी ऐकले नाही. साक्ष, वऱ्हाडची माय, खरे बोलणारी.”

त्याखाली अंगठा. जराही न फिसकटलेला.

मी माझा अंगठा त्यावर ठेवून पाहिला. तिचा बराच मोठा होता. चुलतभाऊ खांद्यावरून वाकून वाचत होता. कॉलेजाच्या नावावर त्याने बोट ठेवलं.

“हे कुठलं कॉलेज, अक्का? मला तर मालूमच नाही.”

मला हसू फुटलं. डोळ्यांतलं पाणी खाली पडायच्या आत मी आधी वही लांब सरकवली.